चौदा नंबरची ताटली

रविवारी बांबोळीच्या टेकडीवर गाड्या कमी.
मागच्या जिन्यानं वर येते,
हातमोजे चढवते, इनक्युबेटरचं दार उघडते:
सदतीस अंश. बाहेर मे महिना,
तोही साधारण तेवढाच.

चौदा नंबरच्या ताटलीत जेलीचे थेंब
पालथ्या वाट्यांसारखे बसलेत.
प्रत्येकात खसखशीहून लहान पोकळ गोळे,
गर्भाशयाच्या अस्तराच्या चिमूटभर तुकड्यातून
आपणहून वळलेले. कुणी शिकवलं नाही त्यांना
आतली बाजू कोणती, बाहेरची कोणती.

नियम असा की नंबराला नाव नसतं.
पण संमतीचा कागद मीच वाचून दाखवला होता
केप्याच्या सुकांती वेळीपला, कोंकणीतून,
आणि 'ऊतक' या शब्दाशी अडले तेव्हा
तीच म्हणाली, "मास म्हण गो, सरळ."
काजूच्या चिकानं काळी पडलेली बोटं
पेन धरतानाही लपवत होती.

अकरा वर्षं.
लग्न झालं की थांबेल, म्हणाले.
मूल झालं की थांबेल. मूल झालंच नाही.
शेवटी कुणीतरी पोटात कॅमेरा घालून पाहिलं
आणि दुखण्याला पहिल्यांदा नाव मिळालं,
तेही तिला उच्चारता न येणारं.

मी जुनं पाणी ओढून घेते, नवं घालते.
आधी एक हार्मोन, मग जोडीला दुसरा,
मग काहीच नाही.
त्या दिवसांत गोळे आक्रसतात, झडू लागतात.
रक्त येत नाही, रक्तवाहिन्या नाहीत.
दुखत नाही, मज्जातंतू नाहीत.
दुखणं तिकडेच राहिलंय, कारखान्याच्या बाकावर,
ओटीपोटाशी दाबलेल्या गरम बाटलीखाली.

तिच्या गावात सातेरी. देवी म्हणजे वारूळ,
मातीनं आतून उभारलेलं.
ते चार दिवस सुकांती पायरीलाही जात नाही.
मला इथे नेमके तेच दिवस चुकवून चालत नाहीत.

काल तिचा फोन आला.
रिपोर्टचं काही विचारलं नाही.
"जेवलें गो तें?"
आमच्या वहीत या प्रश्नाला रकाना नाही.
"हय," म्हटलं, "आतांच."

जेवणाची वेळ खरं तर आज सकाळची होती,
आणि पाळी आवेलिनाची.
तिला म्हटलं, तू मिसेला जा,
आज मी बघते.