साडेसदतीस

भद्रकालीतल्या दुकानात तीन यंत्रं मांडली होती.
पिवळं, अठ्ठेचाळीस अंड्यांचं, आपोआप कूस बदलून देणारं.
निळं, लुकलुकत्या आकड्यांचं, बटणाबटणाला टूं करणारं.
आणि कोपऱ्यात थर्माकोलचा एक खोका,
झाकणाला काच, आत बल्ब, तळहाताएवढा पंखा,
ऊब कमीजास्त करायला नुसता एक स्क्रू.

मी खिशातून माझा थर्मामीटर काढला.
एकतीस वर्षं सातपूरला तपासणीत गेली,
दुसऱ्याच्या मापावर विसंबायची सवय नाही.
पिवळं म्हणालं साडेसदतीस, निघालं एकोणचाळीस.
निळं म्हणालं साडेसदतीस,
कडेला छत्तीस, मधोमध अडतीस.
खोका काहीच म्हणाला नाही.
"हा द्या."
दुकानदार हसला, "काका, यात सगळं हातानं करावं लागतं."
मग काय पायानं करणार होतो?

शरणपूरच्या मार्थाबाईंनी चोवीस अंडी दिली,
बुटांच्या खोक्यात, भुशात खोचून.
"धुवू नका, बागूलकाका. फ्रिजमध्ये तर नकोच नको.
माझी खुडूक बसलीय पाटीत,
तिला कुणी थर्मामीटर दिला नाही हो."

प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीनं एकीकडे फुली, दुसरीकडे गोळा.
सकाळी फुली वर, दुपारी गोळा, रात्री फुली.
पालट्या दिवसातून तीनच, चार नाहीत,
म्हणजे रात्रीची लांब झोप
सलग दोनदा एकाच कुशीवर येत नाही.
हे मी हिला समजावून सांगितलं.
ही भाजी निवडत म्हणाली,
"माझं कंबरेचं ऑपरेशन झालं तेव्हा
एवढ्या वेळा उठला नव्हतात."
खरं होतं.
मी वाटीत पाणी भरलं, झाकण लावलं.

सातव्या रात्री दिवे मालवून
पुठ्ठ्याच्या नळीवर टॉर्च धरला.
लाल मुळ्या. मुळ्यांच्या मध्ये एक काळा ठिपका,
आणि तो हलला.
ही माझ्या खांद्यावरून वाकून बघत होती,
तिचा श्वास माझ्या कानाला लागत होता.
पाच अंडी मात्र निर्मळ, उजेड आरपार.
कारखान्यात असतो तर लाल रंगाचा एक फटकारा
आणि माल बाजूला.
इथे पाचही अंडी मी आणखी दोन दिवस आतच ठेवली.
उगाच.

मग ती थंडी. निफाडला गवतावर बर्फ, म्हणे.
रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी अंबडची लाइन गेली.
मी चष्मा शोधेपर्यंत
हिनं चुलीवर पाणी ठेवलंही होतं.
तिची कंबर शेकायची पिशवी, तिची शाल,
वर दोन उश्या.
तीन तास अंधारात आम्ही खोक्याच्या दोन बाजूंना,
बोललो काही नाही.
दर वीस मिनिटांनी मी आकडा वाचायचो मोठ्यानं,
ती "हं" म्हणायची.
पस्तीस पॉइंट आठच्या खाली जाऊ दिलं नाही.

अठराव्या दिवशी पालटणं बंद.
पाणी दुप्पट, झाकणाला हात नाही.
हातांचं काय करावं कळेना, स्कूटर पुसून काढली.

एकविसावा दिवस कोरडा गेला.
बाविसाव्याला पहाटे नऊ नंबरला टवका उडाला,
कवचाच्या आतून कुणी दार वाजवावं तसा आवाज.
संध्याकाळपर्यंत अकरा,
ओली, मळकी, आपापल्या पायांत अडखळलेली.
सतरा नंबरनं भोक पाडलं आणि थांबला.
मी चिमटा घेतला.
"राहू द्या," ही म्हणाली, "घाईनं रक्त येतं."
राहू दिलं.
दुसऱ्या दिवशीही सतरा तसाच होता.
वहीत शेऱ्याची जागा मी मोकळी ठेवलीय.

मार्थाबाईंच्या खुडूकीनं दहातली नऊ काढली,
लाइटबिल शून्य. त्यांनी दोनदा सांगितलं.

आता द्राक्षांच्या क्रेटमध्ये बल्बखाली अकरा जण झोपलेत,
एकमेकांवर ढीग करून.
मला मात्र रात्री तीनला जाग येतेच.
शेजारी ही कण्हत कूस बदलते.
मी उठून बसतो, विचारतो,
"शेकायला पाणी ठेवू का?"
"झोपा," ती म्हणते.
"एकवीस दिवस कधीच झालेत."