पुठ्ठ्याचा चेक

चेक माणसाएवढा उंच होता, पुठ्ठ्याचा.
अडीच हजार डॉलर, आणि खाली
दूध सोसायटीच्या अध्यक्षबाईंची हातभर सही.
पिकअपच्या केबिनमध्ये तो मावेना,
म्हणून मागे टाकला, मिठाच्या विटांशेजारी,
आणि उडू नये म्हणून मी त्यावर बसलो.
विस्कॉन्सिनचा मार्च. कान गेले होते माझे.

पुढे बाबांच्या शेजारी मार्लिस,
इस्त्रीच्या शर्टात, ताठ.
हॉलमध्ये तिने निबंध वाचला होता:
मला गुरांची डॉक्टर का व्हायचंय.
खरं होतं सगळं. फक्त
त्यात बावीस नंबरची गाय नव्हती.

वासरू आडवं आलं त्या रात्री
डॉक्टर एमंडसन साठ मैलांवर, दुसऱ्याच गोठ्यात,
फोनवरून सांगत होते:
पाय सापडला? नाही, तो मागचा. सोड.
पुन्हा जा.
टॉर्च माझ्या हातात होता.
तेरा वर्षांची ती, खांद्यापर्यंत आत,
डोळे मिटून,
जसं कुणी काळोखात दुसऱ्याच्या कोटाच्या खिशात
आपली किल्ली शोधावी.
गाय वाचली. वासरू नाही.
हे समितीला कसं सांगतात,
पाचशे शब्दांत?

घरी पोचलो तर मंगळवारचं वासरू
अजून चीक पीत नव्हतं.
फळी निघालेल्या भोकातून वारा थेट त्याच्या पाठीवर.
मार्लिसने बाह्या सारल्या.
'चेक आण,' म्हणाली.
मला वाटलं, आईला दाखवायला.
तिने तो भोकावर उभा केला,
गवताच्या गठ्ठ्याच्या सुतळीने आवळला,
आणि बाटली घेऊन खाली बसली, शर्टासकट.

सकाळी एक शून्य चाटून गेलं होतं.
बाबा म्हणाले, 'झाली खर्चाला सुरुवात.'
खरा चेक टपालाने कॉलेजात जायचा होता,
आणि ऑगस्टमध्ये ती.
त्यानंतर टॉर्च कोण धरणार,
हे मी विचारलं नाही.

तिनेच माझं मनगट धरलं,
अंगठा आणि मधल्या बोटाच्या कड्यात मापलं.
'अजून बारीक आहे,' म्हणाली.
'बरं आहे.
नखं काप.'