सतरा नंबरचा खांब

डॉक्टरीण म्हणाली, चाला.
कुठं, ते नाही बोलली.
दांडेकर पूल ते सहकारनगर,
चार घरची भांडी, चालतेच की मी.
ते मोजत नाहीत म्हणे.

मग कालव्याकडेच्या अंधारात
सतरा नंबरच्या खांबावर दिवा लागला. एकच.
खाली बाक,
आणि सातला फुलाबाईची हातगाडी,
दहाची मेथी, पाचचा मुळा,
वडापावच्या जरा अलीकडं.

अलीकडं, एवढंच.
पाय आधी तिथंच थांबतात.

आता आम्ही चौघी,
जुबेदाच्या चपला हातात,
उजेड संपेपर्यंत, मग परत.
कितीदा, ते मुळ्याच्या पानांवर मोजतो.

साखर किती उतरली, विचारू नका.
काल दिवा गेला होता.
वॉर्ड ऑफिसात जाऊन भांडलो.
चालत गेलो.