पेडव्यांचा वाटा

सावंतवाडीच्या लॅबचा कागद
बर्फाच्या पेटीखाली दाबून ठेवलाय, उडू नये म्हणून.
ट्रायग्लिसराइड पाचशे अठ्ठेचाळीस.
एवढा भाव काल बारक्या सुरमईलाही नव्हता.

आरोसकर डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या,
दिवसाला चार, पिवळ्या, आरपार दिसणाऱ्या.
आत माशाचं तेल.
मला हसू आवरेना.
एकतीस वर्षं वेंगुर्ल्याच्या मार्केटात बसते मी,
पदराला, नाण्यांना, नातवाच्या वहीला माझ्या मासळीचा वास,
आणि मेडिकलवाल्याचा पोरगा
मलाच मासा विकतो, पाकिटातून.
खवले नाहीत, कल्ले नाहीत,
डोळे बघून ताजा की शिळा ओळखायची सोय नाही.

दहांचं पाकीट अडीच दिवसांत संपतं.
तेवढ्या पैशांत पेडव्यांचे पाच वाटे.
सून म्हणाली, "आये, गोळ्यो कित्याक व्हयत? पेडवेच खा मगे."
बरोबर वाटलं.
रात्रभर बरोबर वाटलं.

पण डॉक्टर माशांचं विचारतच नव्हते.
ते विचारत होते, चहा किती?
पहाटे लिलावात एक, बर्फ फोडताना एक,
गिऱ्हाईक आलं नाही म्हणून एक,
आलं म्हणून एक, बटर बुडवून.
सातव्याला मी बोटं मिटली.
दुपारी?
भात. वर कढी, कढीवर पुन्हा भात.
"आणि मासे, द्वारकाबाई?"

मी गप्प.
एकतीस वर्षांत कुणी विचारलं नव्हतं.
सुरमई हॉटेलात जाते, पापलेट मुंबईला,
बांगडे गिऱ्हाइकांचे,
पेडवे उरले तर माझे.
आणि पेडवे उरत नाहीत.
टनांनी खेचतात, ट्रक भरून नेतात तेलाच्या फॅक्टरीत.
मला सुकटाची चिमूट, भाताला वास येण्यापुरती.

डॉक्टर म्हणाले, साखर सोडा, भात अर्धा करा,
मासा खा, पण तळू नका.
आकडा उतरेल, सावकाश.
पण पाचशेच्या वर स्वादुपिंड सुजू शकतं,
ते काही सावकाश येत नाही. म्हणून गोळी.
गोळ्यांएवढं तेल माशातून काढायचं
तर रोज पंचवीस-तीस पेडवे लागतील, खाल?
मी म्हटलं, कोलेस्टेरॉल?
त्याची गोळी निराळी. सगळा भार हिच्यावर टाकू नका.

घरी येताना बाबा आठवले.
मे महिन्यात होडी पुळणीवर उपडी घालायचे,
मोरीचं काळीज हंड्यात कढवायचे,
वाडीतली कुत्री लांब पळायची.
मी लहान, तेलाचं फडकं घेऊन आधीच उभी.
ते हात धरून थांबवायचे.
आधी फटी.
प्रत्येक फटीत कापूस, वर राळ,
बोट फिरवून बघणार, पुन्हा फिरवणार,
मगच तेल.
फट ठेवून चोपडलेलं तेल, म्हणायचे,
होडीलाच नाही, माणसालाही फसवतं.

आज पहिला चहा बिनसाखरेचा.
ओकारीसारखा लागला, खोटं कशाला बोलू.
दुसरा घेतलाच नाही.
तिसऱ्या वेळी चहावाला पोरगा आपणच ग्लास ठेवून गेला,
तो गार होईस्तोवर मी त्याच्याकडे बघत बसले.
दोन गोळ्या पेजेबरोबर, दोन रात्रीसाठी बटव्यात,
सुट्ट्या पैशांत मिसळून.
अकराच्या सुमारास ढेकर आला,
बाबांच्या होडीचा.

आणि टोपलीच्या मागे, ओल्या फडक्याखाली
एक वाटा बाजूला काढलाय,
पंधरा पेडवे, डोळे अजून चकचकीत.
चष्मेवाल्या बाईनं वाकून बघितलं,
"आणि ते फडक्याखालचे?"
तो वाटो विकूचो नाय.
"दुप्पट देते."

मी तिच्याकडे बघितलं, मग पेडव्यांकडे.
तराजू असता तर तोललं असतं.
पण मी वाट्यानं विकते,
आणि हा वाटा कुणाचा ते ठरवायची
सवयच नाही हाताला.
फडकं तेवढं
थोडं पुढे ओढून घेतलं.