डावीकडं

दिल्लीचे फोटो बघायला शेजारच्या चौघी आल्यात,
आणि आमच्या बेळगुंदीत रिकाम्या हातानं कुणी बसत नाही:
मधे रताळ्यांचा ढीग, प्रत्येकीच्या मांडीवर सूप,
माती पुसायची, लहान-मोठं वेगळं करायचं,
अन् मधनं मधनं दिल्ली बघायची.
मोबाईलची काच मातीनं लाल झालीय.

हा लाल किल्ला.
"आमच्या बांधापेक्षा फिकाच की," बसव्वा म्हणाली.
हा कुतुबमिनार, अर्धा. वरचा अर्धा मावला नाही.
ही कस्तुरा, मामंजींची भाची,
सरकारी क्वार्टर, चौथा मजला, पाणी सहा ते सात.
आम्ही पाच माणसं, अकरा दिवस.
तिनं एकदाही तोंड वाकडं केलं नाही,
फक्त नवव्या दिवशी
परतीच्या तिकिटाची तारीख दोनदा विचारली.

"आणि मामंजी गे? असं कुठं बघूलालेत?"

सगळ्या फोटोंत मामंजींची मान डावीकडं.
आम्ही पाच जण हसतोय,
ते चौकटीबाहेर कुणाला तरी ओळखतायत.

पलटणीत होते तेव्हा सव्वीस जानेवारीला
ते त्या मोठ्या रस्त्यानं चालत गेले होते.
(रस्त्याचं नाव आता बदललंय.
बेळगावच्या माणसाला त्याचं काय नवल.)
सुट्टीवर आले तेव्हा सासूबाईंनी विचारलं होतं,
राजधानी कशी होती?
म्हणाले, पुढच्याच्या मानेवर तीळ होता.
मग हुकूम आला, दाहिने देख,
झेंडा, टोप्या, एक पांढरा हातमोजा,
आणि पुन्हा तीळ.

तिथं रस्त्यावर काठी टेकत उभे राहिले
तेव्हा आमचे हे म्हणाले, "आप्पा, बघायचं सगळं तिकडं हाय."
"तिकडचं सरकारनं दाखवलंय मला," म्हणाले,
आणि निघाले डाव्या कडेनं,
गुडघा दुखतोय तरी पाऊल मोजून.

डावीकडं जांभळाची झाडं होती, ओळीनं,
जांबोटीच्या रानातनं आणून दटावून उभी केल्यासारखी.
एक फुगेवाला. बूट हातात घेऊन रडणारं एक पोर.
त्यांच्यापुढं एक हातगाडी, निखाऱ्यांवर काहीतरी,
आणि मामंजी थांबले,
थांब म्हटल्यागत थांबले.

"सरावाला पहाटे चारला उभं करायचे," ते म्हणाले,
"थंडीत बोटं कळायची नाहीत.
डाव्या अंगानं वास यायचा.
मान वळवायची सोय नव्हती.
मला वाटायचं, घरची आठवण नाकात गेलीया."

गाडीवाल्यानं रताळं सोललं, लिंबू पिळलं, मीठ मारलं.
"कहाँ का है?"
"मंडी का."
"मंडी में कहाँ से?"
अकरा दिवस आम्हालाही हेच विचारत होते सगळे:
मराठी म्हणजे मुंबई? कर्नाटक म्हणजे बंगळूर?
आम्ही नकाशा काढल्यासारखी हवेत बोटं फिरवायचो.
गाडीवाला मान न उचलता म्हणाला,
"दूर का है, बाऊजी."
मामंजी खूश झाले. "बरोब्बर सांगितलं ह्यानं."

तिथंही फोटो काढला. हा बघा.
पानाचा द्रोण, वाफ,
आणि वाफेमागं तोंड धड दिसत नाही.

"आमचंच होतं का ते?" बसव्वानं विचारलं.
काय की. रताळ्यावर कुठं गावाचं नाव असतंय.

चारला टेम्पो येतो. मोठी रताळी दिल्लीच्या पोत्यात,
बारकी, वाकडी, फुटकी घरात.
मामंजी कट्ट्यावरनं उठले, पोती मोजली,
तोंड बांधायला सुतळी घेतली,
आणि बांधायच्या आधी ढिगातलं एक
बोटाएवढं, वाकडं
मोठ्यांच्या पोत्यात सोडलं.
मी बघितलं.
ते उजवीकडं बघत होते.