सव्वीस खिळे

आजी गेली त्याच्या नवव्या दिवशी
स्वयंपाकघराच्या दारामागची फळी मी खाली उतरवली.
सव्वीस खिळे, सव्वीस किल्ल्या.
एकही आमच्या घराची नाही.

हडर्सफील्डच्या या चढावर
काळवंडलेल्या दगडाची घरं
खांद्याला खांदा लावून थंडी काढतात.
साऱ्या गल्लीची जादा किल्ली आजीकडे.
प्रत्येकीला लोकरीचा धागा, धाग्याला चहाच्या खोक्याचा पुठ्ठा,
पुठ्ठ्यावर देवनागरीत नाव.
इंग्रजीत का नाही, विचारलं तर म्हणाली,
"चोराला वाचता आलं म्हणजे?"

नावंही खरी नव्हेत.
लाल दार. दोन मांजरी. खोकल्या. टोपीवाला.
सारखी माफी मागणारी.
मी बाराखडी शिकले ती या पुठ्ठ्यांवर,
त्यामुळे माझा ख कधीच खटाऱ्याचा नव्हता.

एकसष्ट साली ती संगमेश्वराकडून इथं आली.
आजोबा लोकरीच्या गिरणीत, रात्रपाळीला.
पहिल्याच हिवाळ्यात दार मागून लागलं, किल्ली आत,
आणि ती अडीच तास पायरीवर, माझे बाबा पोटात.
दार वाजवावं कुणाचं,
तर "सॉरी"च्या पुढं शब्द नव्हता.
समोरची मिसेस अ‍ॅकरॉइड बाहेर आली,
काही न विचारता अंगावर कोट टाकून तिला आत घेऊन गेली.
दुसऱ्या दिवशी आजीनं तिला आपली किल्ली दिली.
आठवड्यानं तिनं हिला आपली.
"मग लागण झाली," आजी सांगायची,
जणू गोवराची साथ.

लोकांचे प्लंबर यायचे, दार आजी उघडायची.
सुट्टीवर गेलेल्यांच्या कुंड्या, मासे, म्हातारे वडील.
न सांगता लोकांचे फ्रिज उघडायची,
दूध हुंगायची, ओतून द्यायची.
यावरून दोनदा भांडणं झाली. तिनं ऐकलं नाही.
खोकल्या न्हाणीघरात पडला तेव्हा
दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला गाठलं ते तिनंच,
पडदे नऊला उघडले नाहीत म्हणून.
बस बंद करायची ठरली
त्या वर्षी ती फळीवरच्या क्रमानं दारोदार सह्या घेत फिरली.
बस राहिली.
रविवारची मात्र गेली, ते तिला शेवटपर्यंत लागून राहिलं.

शहाण्णव वर्षं.
शेवटच्या महिन्यात माझं नाव विसरली,
पण बोटानं हवेत खिळे मोजायची,
आणि सतराव्याशी थांबायची.
का, ते मला कळलं नाही.

आज किल्ल्या परत करायला निघाले.
नऊ जणांचे धनी तिच्याही आधी गेलेले,
कुलपं बदलली, तरी पुठ्ठे तसेच.
"राहू दे," म्हणायची, "जागा थोडीच अडवतात?"
खोकल्याच्या घरात आता तीन विद्यार्थी.
मी उगाचच त्यांना ती जुनी किल्ली दाखवली.
एकानं पुठ्ठा उलटा धरून विचारलं, "हे काय लिहिलंय?"
मी खोकून दाखवलं.

बाकीच्या दारांत वेगळंच घडलं.
मी किल्ली पुढं केली की
समोरचं माणूस "थांब हं" म्हणत आत जाई,
खण उघडल्याचा आवाज,
आणि माझ्या हातावर आमच्या घराची किल्ली.
लाल दाराकडे. मांजरींकडे.
माफी मागणारीकडे तर दोन, त्याबद्दलही तिनं माफी मागितली.
संध्याकाळपर्यंत चौदा.
कोट एका बाजूला झुकला.

घर विकणाऱ्या एजंटच्या फॉर्मवर एक रकाना आहे,
किल्ल्या किती.
मी काल तिथं "दोन" लिहिलं होतं.

टोपीवाला शेवटी राहिला होता.
वेस्टन, ग्रेनेडाचा, एक्याण्णवचा, काठी टेकत दारात आला.
आपली किल्ली घेतली, पुठ्ठा वाचता येत नसूनही
बराच वेळ वाचला,
खिशात घातला.
आमची मात्र देईना.
म्हटलं, आजोबा, घर विकतोय आम्ही.
"मग येईल त्याला सांग," तो म्हणाला,
"जादा किल्ली माझ्याकडे आहे."