आटे

सत्त्याऐंशी साली कॅम्पातल्या मस्कारेन्हस डॉक्टरांची एम.जी.
उद्यमबागेत आली ती टेम्पोत बसून,
ताडपत्रीखाली. इंजिन वेगळं, चाकं वेगळी,
चहाच्या खोक्यात बोल्ट.
बाबा तिच्याभोवती दोनदा फिरले.
"दार उलटं उघडतंय गे," एवढंच म्हणाले.

खरंच, बिजागऱ्या मागच्या बाजूला.
आणि दार असं खोल कापलेलं
की कोपर बाहेर टाकून बसावं, कट्ट्यावर बसल्यागत.
पुढची काच आडवी निजायची.
पाठीला पेट्रोलची टाकी, दप्तरासारखी.
पत्र्याच्या आत चक्क लाकूड,
ॲश नावाचं, विलायतेतलं.
वाळवीला ते परकं वाटलं नव्हतं.
नंदगडच्या इराप्पा बडिगेरांनी सागाचा नवा सांगाडा बसवला,
कन्नडात मोजत, मराठीत शिव्या देत.

तारांच्या चाकांना मधोमध दोन कानांची चावी,
तांब्याच्या हातोडीनं ठोकायची.
डावीकडची एका अंगानं आवळते, उजवीकडची उलट्या.
"चालता चालता आपसूक घट्ट होत्यात,"
बाबांनी हे कौतुकानं सांगितलं,
घरातल्या कुणाबद्दल सांगावं तसं.

मग बोल्ट.
डोक्याला इंची पाना चपखल बसला.
नट मात्र दोन फेऱ्यांत अडला.
दुसरा. तिसरा. सुताच्या डब्यातला एकही लागेना.
बाबांनी आटे मोजायची पट्टी लावली, चष्मा पुसला, परत लावली.
डोकं सुताचं, अंग मिलिमीटरचं.
"हे कुणी केलं असंल?"
शेजारच्या फाउंड्रीतले बसलिंगप्पा हसले.
"लुमाण्णा, तुमच्याच गावचा दिसतोय."
बाबा हसले नाहीत.
दुकानाची पाटी त्यांनी त्या वर्षात तिसऱ्यांदा रंगवली होती.

बाजारात मिळेना, म्हणून लेथवर एकेक काढला,
अडतीस बोल्ट,
डोकं एका मापात, आटे दुसऱ्या.
रात्री मशीन बंद झाल्यावरही
त्यांची बोटं हवेत पेच फिरवत असायची.

दोन कार्ब्युरेटर एका श्वासावर आणायचे होते.
माझ्या कानाला रबरी नळी.
"ह्याचा शू मोठा का त्याचा?"
मी चौदा वर्षांची, जबाबदारीनं घाबरलेली.
"त्याचा," म्हणाले. बाबांनी स्क्रू केसभर फिरवला.
"आता?"
आता दोघं सारखेच होते. मला अजून तो आवाज ओळखता येतो.

वेंगुर्ला रोडनं नेली, हूड न लावता.
शिनोळीच्या अलीकडे, डांबराचा रंग बदलतो तिथं,
पंपाची टिकटिक थांबली. गाडीही.
पुढची चाकं महाराष्ट्रात, मागची कर्नाटकात,
असं मी शाळेत सांगायचे. खरं तर वीसेक हात अलीकडेच होतो.
पोलीस आला, आधी कन्नडात, मग मराठीत,
मग नुसताच बॉनेटवरून हात फिरवत उभा राहिला.
बाबांनी पंपावर पान्याचा दांडा हळूच मारला.
टिक. टिकटिक.
"हौदु," पोलीस म्हणाला, जणू त्यालाच कुणी विचारलं होतं.

गाडी पुढं पुण्याच्या कुणा हौशी माणसानं नेली.
लेथ विकला. बाबा गेले त्याला सहा वर्षं.

एकोणचाळिसावा बोल्ट माझ्या टेबलावर असतो,
बिलांवर ठेवायला.
परवा नळाचं काम करायला आलेल्या पोरानं उचलला,
खिशातला नट लावून बघितला.
"ताई, ह्याचे आटे गेल्यात."
नाही रे, म्हटलं.
आणि नट आणायला उठले.